पेशीला आयोडीनची भूक लागू दे

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ३४, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दीड महिन्यापूर्वी थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरचं ऑपरेशन झालं. थायरॉइड पूर्ण काढली, मानेतल्या काही गाठींतही कॅन्सर निघाला. आता १०० मिलिक्युरीचा आयोडीनचा डोस द्यायचा ठरलाय. थायरॉइडची गोळी बंद करायला लावली, घरातलं मीठ बदलायला लावलं, पण का ते कुणी नीट सांगितलं नाही. गाठ काढून टाकली, मग हे कशाला? यजमानांनी वाचलं की चेर्नोबिलला याच आयोडीनमुळे मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. तेच औषध कसं होतं? ओपीडीत शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, त्यांच्या गाठींनी आयोडीन घेतलंच नाही. माझ्याही पेशींनी घेतलं नाही तर? घरी चार वर्षांची मुलगी आहे. सासूबाई म्हणतात, आल्यावर महिनाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. रात्री झोप लागत नाही.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘का ते कुणी नीट सांगितलं नाही’ या वाक्याशी अडखळले. माझी नोकरीची सगळी वर्षं न्यूक्लियर मेडिसिनमध्ये गेली. तिथे हे रोज दिसायचं. पेशंटच्या हातात सूचनांचा छापील कागद असतो, तो इमानेइतबारे पाळलाही जातो, पण त्यामागचं कारण त्याला माहीत नसतं. मग एखाद्या दिवशी नेहमीच्या मिठाची चिमूट पडते, ‘एवढ्यानं काय होतंय’ असं वाटतं, आणि नेमकं तिथेच बिनसतं. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडून आधी हे औषध आत जाऊन काय करतं ते सांगते. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील.

थायरॉइडच्या पेशीचं मुख्य काम म्हणजे रक्तातून आयोडीन ओढून घेणं आणि त्यापासून हार्मोन बनवणं. त्यासाठी तिच्या भिंतीत एक प्रथिन बसवलेलं असतं, आपण त्याला पंप म्हणू. हा पंप सोडियमच्या दोन कणांसोबत आयोडीनचा एक कण आत खेचतो. रक्तात असतं त्याच्या वीस-तीस पट आयोडीन ही पेशी सहज साठवते. आत आलेलं आयोडीन पुन्हा निसटू नये म्हणून ते थायरोग्लोब्युलिन नावाच्या मोठ्या प्रथिनाला जोडून ठेवते. शरीरात दुसऱ्या कुठल्याच पेशी आयोडीन असं ओढून, जोडून, दिवसचे दिवस साठवत नाहीत.

पॅपिलरी आणि फॉलिक्युलर हे दोन्ही कॅन्सर याच पेशींपासून होतात. पेशी बिघडली तरी घराण्याची सवय तिच्यात थोडीफार उरलेली असते. मानेतल्या गाठीत जाऊन बसू दे, फुप्फुसात जाऊन बसू दे, तिथेही ती आयोडीन मागते. आपण तिला देतो ते किरणोत्सारी आयोडीन-१३१. रसायन म्हणून ते मिठातल्या आयोडीनसारखंच असल्यामुळे पेशीला फरक कळत नाही. म्हणजे हे औषध कॅन्सर शोधत फिरत नाही. पेशीच त्याला हाक मारून घरात घेते.

आत गेल्यावर आयोडीन-१३१ चा अणू एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो आणि स्वतः झेनॉन होऊन शांत होतो. या इलेक्ट्रॉनला बीटा किरण म्हणतात. तो सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्याही आतच थांबतो, फार तर दोन मिलिमीटर जातो. एवढ्याशा वाटेत तो काही डझन पेशी ओलांडतो. त्यामुळे जिने आयोडीन घेतलं ती पेशी सापडतेच, पण शेजारची एखादी आयोडीन घ्यायला विसरलेली पेशीसुद्धा त्या माऱ्यात येते. मात्र त्याच्या पलीकडच्या मणक्याला, हृदयाला हा किरण पोचतच नाही.

पेशी जळून जाते असं चित्र बरेच जण मनात धरतात. तसं होत नाही. बीटा किरण तिच्या डीएनएच्या दोऱ्या तोडतो. काही थेट तोडतो, आणि बऱ्याचशा पेशीतल्या पाण्याचे तुकडे करून त्यातून जे आक्रमक कण तयार होतात त्यांच्याकरवी तोडतो. एक दोरी तुटली तर पेशी ती सांधते. दोन्ही दोऱ्या एकाच जागी, आणि अशा कितीतरी जागी तुटल्या की सांधणं तिच्या आवाक्याबाहेर जातं. काही पेशी तेव्हाच स्वतःला संपवतात. बऱ्याच पेशी मात्र वरून धडधाकट दिसत राहतात आणि पुढच्या वेळी दुभंगायला गेल्या की त्या तुटक्या डीएनएपायी मरतात. थायरॉइडच्या कॅन्सरपेशी सावकाश दुभंगतात, म्हणून त्या मरतातही सावकाश. डोसनंतर थायरोग्लोब्युलिनचा (थायरॉइडच्या पेशींचं तेच प्रथिन, रक्तात मोजतात) आकडा कित्येक महिने, कधी वर्षभरसुद्धा, हळूहळू उतरत राहतो तो याचमुळे. पहिल्या तपासणीत तो शून्यावर आला नाही म्हणून ‘डोस वाया गेला’ असं मनात आणू नका.

आता मीठ. तुमचा १०० मिलिक्युरीचा डोस म्हणजे दर सेकंदाला ३७० कोटी अणूंचा क्षय. आकडा ऐकून छाती दडपते, पण त्या किरणोत्सारी आयोडीनचं वजन केलं तर एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. आणि आपल्याकडच्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या चिमटीत तुमच्या अख्ख्या डोसच्या नऊएक पट साधं आयोडीन झालं. पेशीच्या दारात आधीच एवढी गर्दी असेल तर आपला पाहुणा आत जाणार कसा? एक-दोन आठवडे बाहेरचं आयोडीन तोडलं की पेशी उपाशी राहते, आणि मग मिळेल ते आयोडीन ओढते. मी पेशंटांना एवढंच सांगत असे, पेशीला भूक लागू दे.

पण मीठ बंद नाही करायचं, मीठ बदलायचं. गोळी बंद असताना मीठही पूर्ण सोडलं आणि वर भरपूर पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम घसरून माणूस भ्रमात जाऊ शकतो, म्हाताऱ्यांत हा धोका जास्त. ज्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलं नाही तेच मीठ आणा. सैंधवाचं पाकीटही वाचून घ्या, त्यातही आयोडीन घातलेलं असू शकतं. बोंबील, सुकट, कोणतीही मासळी नको. दूध, दही, पनीर, अंड्याचा पिवळा बलक, बेकरीचा पाव आणि खारी, विकतचं फरसाण, पापड, जुनं लोणचं हेही नको. भाकरी, भात, डाळ, ताज्या भाज्या, फळं, बिनखारवलेले शेंगदाणे, कोरा चहा यावर दोन आठवडे निभतात. शाळेतल्या पोषण आहाराची चव घेऊन बघायची जबाबदारी तुमच्याकडे असेल तर ती तेवढे दिवस दुसऱ्या बाईंना द्या.

आयोडीन ताटाबाहेरूनही येतं. जखमेवर लावायचं पोव्हिडोन-आयोडीनचं लाल-तपकिरी औषध आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीची अमिओडॅरोन ही गोळी ही त्याची दोन नावं. सगळ्यात मोठा चोर म्हणजे सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते कॉन्ट्रास्ट. एका गृहस्थांची गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. तीन आठवडे गोळी बंद, मीठ बदललेलं, सुजलेला चेहरा घेऊन रात्रभर प्रवास करून आले. बोलता बोलता कळलं की दहाच दिवसांपूर्वी दुसरीकडे पोट दुखतं म्हणून कॉन्ट्रास्टचा सीटी झालेला. कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. डोस दोन महिने पुढे ढकलावा लागला. गेल्या तीन महिन्यांत तुमचा असा सीटी झाला असेल, ऑपरेशनआधीचासुद्धा, तर तारखेसकट डॉक्टरांना सांगा.

गोळी बंद करण्यामागेही भूकच आहे. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी आहे. शरीरात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की ती टीएसएच सोडते. हा टीएसएच थायरॉइडच्या पेशीला जाऊन सांगतो, पंप वाढव, आयोडीन आण. रोजची गोळी चालू असते तोवर टीएसएच झोपलेला असतो. तीन-चार आठवडे गोळी थांबवली की तो ३० च्या वर जातो, आणि मग डोस देतात. हे दिवस कठीण जातात. अंग जड होतं, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, उगाच रडू येतं. तुमची झोप उडण्यात काळजीचा वाटा असेलच, पण मन असं ओढल्यासारखं होण्यात या गोळीच्या अभावाचाही वाटा असणार, हे घरच्यांना वाचून दाखवा. गोळी न थांबवता टीएसएचचीच दोन इंजेक्शनं लागोपाठ दोन दिवस देऊन तिसऱ्या दिवशी डोस देण्याची पद्धतही आहे. महाग आहे, पण विचारायला हरकत नाही.

गाठ काढून टाकली तरी हे कशाला, या प्रश्नाचं उत्तर आता सोपं आहे. सर्जनचा हात कितीही कसलेला असला तरी आवाजाच्या नसेजवळ आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथींजवळ थायरॉइडचा कण उरतोच, आणि गाठींतून निसटलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. ऑपरेशन आधी करण्याचं कारणही भुकेतच आहे. निरोगी थायरॉइड ही कॅन्सरपेशीपेक्षा कितीतरी खादाड. ती जागेवर असती तर सगळा डोस तिनेच फस्त केला असता. सगळ्यांनाच हा डोस लागतो असंही नाही. लहान, कमी धोक्याच्या गाठींत डोस न देताही पेशंट तितकेच बरे राहिले, हे फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आणि २०२२ मध्ये ते छापून आलं. तुमच्या मानेतल्या गाठींत कॅन्सर निघाला म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला वेगळ्या गटात धरलं आहे, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ते पटतं. आणखी एक सांगते, ते उशाशी ठेवा. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये वय ५५ च्या आत असेल आणि आजार दूरच्या अवयवांत गेलेला नसेल, तर मानेतल्या गाठी धरूनही त्याला पहिला टप्पा म्हणतात.

चेर्नोबिलचं यजमानांनी वाचलं ते खरं आहे. १९८६ च्या त्या अपघातानंतर आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गाईंच्या दुधात उतरलं आणि युक्रेन, बेलारूस, रशियातल्या मुलांच्या पोटात गेलं. मुलांची थायरॉइड लहान आणि वाढीची, वर त्या भागात आहारात आयोडीन कमी, म्हणजे पेशी आधीच भुकेल्या. तिथे किरणांचा मारा डीएनए तोडायला पुरला, पण पेशी मारायला पुरला नाही. त्या जगल्या, तुटलेल्या दोऱ्या चुकीच्या टोकांना जोडून वाढल्या, आणि काही वर्षांनी कॅन्सर झाला. तुमच्या उपचारात हिशेब उलटा आहे. मानेत उरलेल्या थायरॉइडच्या कणाला साधारण ३०० ग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणांचं माप) मात्रा मिळावी असं धरतात. तोंडा-घशाच्या कॅन्सरला बाहेरून रेडिएशन देतात ते ६०-७० ग्रे असतं. इतक्या माऱ्यात पेशी जखमी होऊन जगत नाही. आणि बिघडावी अशी निरोगी थायरॉइड तुमच्या मानेत आता राहिलेलीच नाही. बाकी शरीराला थोडा मारा बसतो, हे मी लपवणार नाही. मोठे डोस पुन्हा पुन्हा घ्यावे लागले तर दुसऱ्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो. म्हणून डोस गरजेपुरता देतात.

हे ज्ञान कुठून आलं तेही सांगते, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९३६ साली बॉस्टनच्या सॉल हर्ट्झ या तरुण डॉक्टरने एका व्याख्यानानंतर भौतिकशास्त्रज्ञांना विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? १९४१ मध्ये त्यांनीच ते थायरॉइड वाढलेल्या पेशंटला पहिल्यांदा दिलं. कॅन्सरची गोष्ट न्यूयॉर्कची. सॅम्युअल सायडलिन यांच्याकडे एक गृहस्थ आले. त्यांची थायरॉइड कित्येक वर्षांपूर्वी काढलेली, आणि तरी लक्षणं सगळी थायरॉइड जास्त झाल्याची. हार्मोन येत होतं ते शरीरभर पसरलेल्या कॅन्सरच्या गाठींतून! म्हणजे त्या पेशी मूळ ग्रंथीचं काम विसरल्या नव्हत्या. त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिलं, गाठींनी ते ओढून घेतलं आणि त्यांची तब्येत सुधारली. १९४६ साली हा वृत्तांत छापला गेला. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि हे आयोडीन ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमपासून बनतं.

आता शेजारच्या बाईंचं. सगळ्याच कॅन्सरपेशी ही सवय राखत नाहीत. काहींचा पंप कमी होतो, काहींचा पंप तयार होतो पण भिंतीवर न बसता आतच पडून राहतो, काही आयोडीन घेतात पण जोडून ठेवता न आल्याने ते लवकर गळून जातं. बीआरएएफ नावाच्या जनुकात बदल झाला असेल तर पंप मंदावतो. मेड्युलरी कॅन्सर तर वेगळ्याच पेशींचा, त्याला आयोडीनशी देणंघेणं नाही. त्या बाईंचा प्रकार कोणता ते तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा त्यांचं भाकीत स्वतःला लावून घेऊ नका. तुमच्या पेशींचं काय, ते डोसनंतर काही दिवसांत होणाऱ्या स्कॅनमध्ये कळेल. आयोडीन-१३१ बीटासोबत गॅमा किरणही सोडतं आणि तो शरीराबाहेर येतो. त्याच डोसच्या गॅमा किरणांनी आयोडीन कुठे कुठे बसलं त्याचं चित्र निघतं. आणि तुमच्या बाबतीत, स्कॅनमध्ये मानेतल्या उरलेल्या कणापलीकडे काहीच उजळलं नाही तर बऱ्याचदा ती चांगली बातमी असते, घेणारं कुणी उरलंच नाही.

समजा पुढे कधी आयोडीन न घेणारी गाठ निघालीच, तरी रस्ता संपत नाही. काही गाठी वर्षानुवर्षं नुसत्या नजरेखाली ठेवतात, काही पुन्हा ऑपरेशनने काढतात, वाढणाऱ्या आजाराला सोराफेनिब, लेनव्हॅटिनिब अशा गोळ्या आहेत. मला सगळ्यात आशेची वाटणारी वाट म्हणजे पेशीला जुनी सवय आठवून देण्याची. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये २० पेशंटना आधी सेलुमेटिनिब हे औषध देऊन पाहिलं. त्यातल्या १२ जणांच्या गाठी पूर्वीपेक्षा जास्त आयोडीन घेऊ लागल्या, आणि आठ जणांना पुन्हा आयोडीनचा डोस देण्याइतकी ही वाढ होती. सगळीकडे मिळेल असा हा उपचार अजून नाही, पण वाट आहे.

डोसच्या दिवशी फार काही घडत नाही. जाड शिशाच्या भांड्यातून एक कॅप्सूल निघते, किंवा छोट्या बाटलीतलं पाण्यासारखं औषध स्ट्रॉने प्यायचं. चव जवळजवळ नसतेच. मग साधारण दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत. तिथल्या संडासाचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून, किरणोत्सार उतरल्यावरच पुढे सोडतात. केस गळत नाहीत. मळमळ होऊ शकते. लाळग्रंथींतही तसाच पंप असल्यामुळे गालाखाली सूज, तोंडाला कोरड, चव बदलणं हे होतं. पाणी भरपूर प्या, आणि लिंबाच्या गोळ्या चघळायला केव्हा सुरुवात करायची ते विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी एक दिवसानंतर सांगतात. डोसआधी गरोदर नसल्याची तपासणी करतात, आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

आता लेक. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ते बाटलीत. तुमच्या शरीरात त्याला धरून ठेवणारी थायरॉइडच नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचा बराच मोठा भाग लघवीवाटे निघून जातो. घरी येता ते थोडंसं घेऊन. त्यातल्या गॅमा किरणांसाठी अंतर हाच उपाय आहे, अंतर दुप्पट केलं की मारा चौथाईवर येतो. मुलीला कुशीत घेऊन झोपणं, मांडीवर बसवणं एक ते तीन आठवडे नाही. नेमके किती दिवस ते डिस्चार्जच्या कागदावर तारीख घालून लिहून घ्या. तिच्याशी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बोलणं, गोष्ट सांगणं चालतं. शाळेत तुमच्याभोवती लहान मुलांचा घोळका असतो, तेव्हा रजाही त्याच तारखेनुसार टाका. हॉस्पिटलातून एसटीने येऊ नका. पाच-सहा तास शेजारी कोण बसेल सांगता येत नाही, एखादी गरोदर बाईही असू शकते. गाडी करा आणि चालकाच्या तिरक्या बाजूला मागे बसा.

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. पहिले काही दिवस इतरांसाठी कणीक मळू नका, भाजी चिरू नका, कारण घामातून आणि लाळेतून थोडं आयोडीन येतं. तुमचं ताट-वाटी, टॉवेल, अंथरूण वेगळं, आणि ते वेगळं धुतलं की झालं, टाकून द्यायची गरज नाही. संडासात दोनदा पाणी सोडा, हात नीट धुवा. महिनाभर मात्र नाही. कागदावरची तारीख त्यांना दाखवा.

मुलीला आधीच सांगून ठेवा. चार वर्षांचं मूल ‘आई जवळ घेत नाही’ याचा अर्थ आपल्या परीने लावतं. एक आई कॅलेंडर भिंतीवर लावून रोज लेकाकडून एका चौकोनात चांदणी काढून घ्यायची, स्वतः दाराशी उभी राहून. शेवटच्या चौकोनात त्याने चांदणीऐवजी दोन माणसं काढली होती, एकमेकांना चिकटलेली.